चाळिशीनंतर मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स: नंबर, फिटिंग आणि पहिले पंधरा दिवस

मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स, म्हणजे दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर एकाच लेन्समध्ये असलेली, हौसेने करून घेतात आणि आठवड्याभरात कपाटात टाकून देतात, असे बरेच जण असतात. दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो. दूरचा नंबर जुन्या चष्म्याच्या कार्डावरून उतरवलेला असतो, जवळचा नंबर गरजेपेक्षा जास्त दिलेला असतो आणि खुर्चीत बसून तक्ता वाचला की 'जमतंय' म्हणून मोकळं व्हायचं, असं झालेलं असतं. दूरचा नंबर अचूक हवा, जवळचा कमीत कमी हवा आणि परीक्षा तुमच्या रोजच्या कामात व्हायला हवी. कुठल्या कंपनीची लेन्स, हा प्रश्न त्यानंतरचा.

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं आणि जवळचं पाहण्यासाठी त्याला जो फुगवटा यावा लागतो तो येईनासा होतो. म्हणून जवळच्या कामासाठी दूरच्या नंबरात भर घालावी लागते. या भरीला दुकानात 'ॲड' म्हणतात. पंचेचाळिशीत ती साधारण +१.०० ते +१.२५ असते, पन्नाशी ओलांडताना +१.५० ते +१.७५ आणि साठीनंतर +२.२५ ते +२.५०. त्यापुढे ती फारशी वाढत नाही.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असतो. आपण नजर खाली-वर करून हवा तो भाग निवडतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिथे असं निवडता येत नाही. तिच्यात नंबर गोलाकार बदलत जातो. बहुतेक लेन्समध्ये मध्यभागी जवळचा आणि कडेला दूरचा नंबर असतो, काहींमध्ये याच्या उलट. दोन्ही प्रतिमा एकाच वेळी डोळ्यात पडतात आणि त्यातली कामाची कुठली, हे मेंदू शिकत जातो. याची किंमत म्हणजे अक्षरांचा काळेपणा किंचित उतरतो. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत छापलेलं वाचताना हे जाणवतं. फायदाही तितकाच खरा आहे. पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पायाखालची पायरी धूसर होत नाही, मेडिकलच्या दुकानात वरच्या फळीवरचं नाव मान मागे न टाकता दिसतं आणि हेल्मेटमध्ये चष्म्यावर वाफ धरत नाही.

कोणाला जमेल, कोणाला नाही

डोळे कोरडे नसलेल्या, दिवसभर फोन-संगणक-रस्ता असं सगळीकडे पाहावं लागणाऱ्या माणसाला या लेन्स चांगल्या जमतात. पंचेचाळिशीतच सुरुवात केली तर आणखी सोपं जातं, कारण तेव्हा ॲड कमी असते आणि मेंदूला ओझं थोडं असतं. ॲड वाढत गेली की लेन्स टप्प्याटप्प्याने बदलता येते.

उणे नंबरच्या माणसाने एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. −२.०० किंवा −३.०० नंबरवाले लोक चष्मा काढून औषधाच्या पाकिटावरची तारीख सहज वाचतात. लेन्स घातल्यावर ही सोय संपते. चष्मा काढून मिळणारी स्पष्टता कुठल्याच मल्टिफोकल लेन्सला येत नाही. ज्यांचं कामच सोनारकाम, घड्याळदुरुस्ती किंवा प्रूफवाचन आहे, त्यांनी कामाच्या वेळेसाठी चष्मा ठेवावा आणि लेन्स बाकीच्या वेळेसाठी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. भिंगच गढूळ असेल तर लेन्सने प्रकाश विखुरण्यात भरच पडते. मधुमेह असेल तर साखर स्थिर असताना नंबर काढा, कारण साखर वरखाली होते तसा नंबरही हलतो. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर त्यातला परिरक्षक पदार्थ मऊ लेन्समध्ये शोषला जातो. म्हणून थेंब घातल्यावर किमान १५ मिनिटांनी लेन्स घालायची. मुळात लेन्स चालेल का, हे आधी डॉक्टरांनाच विचारायचं.

सिलिंडर, म्हणजे डोळ्याचा तिरपा नंबर, ०.७५ पर्यंत असेल तर बहुधा निभावतं. त्याहून जास्त असेल आणि साध्या मल्टिफोकलने भागवायचा प्रयत्न केला तर दूरचं आणि जवळचं दोन्ही अर्धवट दिसतं. अशा वेळी टॉरिक, म्हणजे सिलिंडरही धरलेली, मल्टिफोकल मागवावी लागते. ती मोजक्याच प्रकारांत मिळते आणि यायला वेळ लागतो. दुसरा मार्ग मोनोव्हिजनचा, म्हणजे एका डोळ्याला दूरचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर द्यायचा. मोनोव्हिजनची सवय लवकर होते, पण वस्तू किती लांब आहे याचा अंदाज कमी होतो. दुचाकी चालवणाऱ्याने याचा नीट विचार करावा.

तपासणीला जाताना

लक्ष्मी रोडवर चष्म्याच्या दुकानांची रांग आहे, पण फिटिंगसाठी दुकान निवडताना फोनवर दोनच गोष्टी विचारा. मल्टिफोकलच्या ट्रायल लेन्स दुकानात आहेत का? आणि त्या घालून दोन-चार दिवस घरी नेता येतील का? दोन्हींना 'नाही' असेल तर दुसरीकडे जा. ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नंबर काढणाऱ्या प्रशिक्षित माणसाने, स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं दिव्याचं यंत्र) डोळा पाहिलाच पाहिजे. नुसत्या संगणकी यंत्रावर नंबर काढून लेन्स देणं पुरेसं नाही.

सकाळची वेळ घ्या, डोळे थकलेले नसतात. रोज मऊ लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या आदल्या दिवशी घालू नका. सोबत चालू चष्मा, जुन्या लेन्सचं पाकीट, चालू औषधांची यादी आणि तुम्ही खरोखर वाचता ती वस्तू न्या. फोन नेहमीच्या अक्षराच्या आकारात, घरी येणारं वर्तमानपत्र, विणकामाची सुई, काय असेल ते. संगणकापासून किती लांब बसता, ते घरी टेपने मोजून जा. लॅपटॉप ५० ते ५५ सेंटिमीटरवर असतो, मोठा मॉनिटर ६५ ते ७० वर. हा आकडा फिटिंग करणाऱ्याला फार उपयोगी पडतो.

खुर्चीत काय व्हायला हवं

सुरुवात दूरच्या नंबरपासून, आणि तो नव्याने काढायचा. नियम असा की वाचता येत असताना जितका जास्त अधिक किंवा जितका कमी उणे नंबर चालेल, तोच धरायचा. −३.०० ने तक्ता जसा दिसतो तसाच −२.७५ ने दिसत असेल तर −२.७५. उणे नंबर पाव जरी जास्त गेला तरी तो जवळच्या नंबरातून वजा होतो आणि मग ॲड वाढवायची वेळ येते. ॲड वाढली की दूरचं बिघडतं. तक्रारींची साखळी बहुतेकदा इथेच सुरू होते.

नंतर चष्म्याच्या नंबरचं लेन्सच्या नंबरात रूपांतर. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच बसते. ±४.०० च्या पुढे हा फरक धरावाच लागतो. उदाहरण घ्या. उजव्या डोळ्याचा चष्मा −४.५० आणि सिलिंडर −०.५० आहे, डाव्याचा नुसता −५.२५. उजव्याला सिलिंडरचा निम्मा भाग मिळवून −४.७५ होतात आणि अंतराचा फरक धरून लेन्स −४.५० येते. डाव्याला −५.२५ चे −५.०० होतात. कार्डावरचे आकडे तसेच्या तसे लेन्सवर उतरवलेले दिसले तर तिथेच विचारा.

त्यानंतर प्रधान डोळा ठरवायचा. दोन्ही डोळ्यांना दूरचा नंबर लावून, दोन्ही उघडे ठेवून, आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्यासमोर +१.५० ची सुटी काच धरतात. ज्या डोळ्यापुढे काच आल्यावर जास्त त्रासदायक वाटतं तो दूरच्या कामाचा प्रधान डोळा. हातांची खिडकी करून लांबची वस्तू पाहायची रीतही आहे, पण मल्टिफोकलसाठी काचेची रीत अधिक उपयोगी.

ॲडचे टप्पे कंपनीनुसार वेगळे असतात. अल्कॉनच्या लेन्समध्ये लो, मीडियम, हाय असे तीन आहेत: लो +१.२५ पर्यंत, मीडियम +१.५० ते +२.०० आणि हाय त्यापुढे. बॉश अँड लॉम्बमध्ये लो आणि हाय असे दोनच. कूपरव्हिजनच्या बायोफिनिटीमध्ये +१.०० ते +२.५० असे अर्ध्या-अर्ध्याचे चार टप्पे आहेत. शिवाय मध्यभागी दूरचा नंबर असलेली 'डी' आणि मध्यभागी जवळचा नंबर असलेली 'एन' अशा दोन जाती. 'डी' सहसा प्रधान डोळ्याला देतात. प्रत्येक कंपनी आपल्या लेन्ससोबत फिटिंगचा तक्ता देते. अनुभवी माणूससुद्धा सुरुवात त्याच तक्त्याने करतो, कारण एका कंपनीचा हिशेब दुसरीला लागू होत नाही.

ट्रायल लेन्स घातल्यावर निदान १५ ते २० मिनिटं थांबायचं. बाहेर रस्त्यावर चक्कर मारून या. मग दिवे पूर्ण लावलेल्या खोलीत, दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासणी व्हावी. अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी होते आणि लेन्सचा वेगळाच भाग कामाला लागतो. एकेक डोळा झाकून तपासलं तर निराशाच पदरी पडते, कारण या लेन्स जोडीने काम करतात. बदल करायचाच तर हातात धरायच्या ±०.२५ च्या काचा डोळ्यांसमोर आणून, पाव-पावनेच करायचा.

लेन्स बाहुलीच्या मधोमध बसली आहे का, हे स्लिट लॅम्पवर बघणं फार महत्त्वाचं. साधी लेन्स जरा सरकून बसली तरी चालतं. मल्टिफोकल कानाच्या बाजूला थोडी जरी सरकली तरी अक्षराला सावली येते, आणि ती नंबर बदलून जात नाही. त्यासाठी वेगळ्या वक्रतेची किंवा दुसऱ्या कंपनीची लेन्स घालून बघावी लागते.

घालणं आणि काढणं

पन्नाशीत पहिल्यांदा लेन्स घालणाऱ्याची मोठी अडचण ही की लेन्सशिवाय आरशात लेन्सच दिसत नाही! पाच पट मोठं दाखवणारा उभा आरसा घ्या आणि उजेड चेहऱ्यावर येईल असा ठेवा. बेसिनवर घालणार असाल तर भोकाला झाकण लावा, नाहीतर टेबलावर गडद रंगाचा, धागे न सुटणारा रुमाल पसरून बसा. पडलेली लेन्स त्याच्यावर पटकन दिसते.

हात साध्या साबणाने धुवा. क्रीमयुक्त साबणाचा थर लेन्सवर बसतो. हात पूर्ण कोरडे करा. बोट ओलं असेल तर लेन्स डोळ्याला चिकटायच्या ऐवजी बोटालाच धरून राहते. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहा. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर सुलटी आहे, बाहेर पसरल्या असतील तर उलटी. उलटी लेन्स बसते, पण टोचते आणि नजरही डळमळते. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा. मल्टिफोकलमध्ये उजवी-डावी बदलली तर दूरचं आणि जवळचं दोन्ही बिघडतं, आणि अदलाबदल झाली आहे हे चटकन लक्षात येत नाही.

काढताना वर पाहा, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर ओढा आणि दोन बोटांच्या पेरांनी हलकेच चिमटा. निघत नसेल तर ओढाताण नको. लेन्ससाठीचे ओलाव्याचे थेंब घाला, पाच मिनिटं थांबा, मग काढा. संध्याकाळी मिरची चिरायची असेल तर लेन्स त्याआधीच काढून ठेवा. साबणाने हात धुतले तरी तिखट नखांत राहतं.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी ४ तास, मग रोज दोन-दोन तास वाढवत ८ ते १० तासांपर्यंत. जुना चष्मा या दिवसांत सारखा आलटून-पालटून घालू नका, मेंदूला नवी सवय लागायला सलग वेळ हवा. रात्रीचं गाडी चालवणं मात्र पहिले काही दिवस टाळाच. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाच्या उतारावर समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलयं दिसतील, ती जागा सवय करून घ्यायची नाही.

एका डोळ्यावर हात ठेवून 'हा कमी, तो जास्त' असं बघत बसू नका. दोन्ही डोळे मुद्दाम थोडे वेगळे ठेवलेले असू शकतात. त्यापेक्षा वही घ्या आणि प्रत्येक कामापुढे दहापैकी गुण लिहा: पीएमपीच्या बसचा नंबर किती लांबून कळला, दुपारच्या उन्हात समोरच्या गाडीची पाटी, ऑफिसमधली एक्सेलची शीट, फोनवरचा मेसेज, हॉटेलातल्या मंद उजेडात मेनूकार्ड, औषधाच्या पट्टीवरची तारीख. सोबत उजेड कसा होता तेही लिहा. 'जरा धूसर दिसतं' म्हणून सांगितलं तर समोरच्याला काहीच करता येत नाही. 'भर उन्हात लांबचं जातं, घरात ठीक असतं' असं सांगितलं की कारण लगेच सापडतं.

तक्रार आणि तिचं कारण

भर उन्हातच लांबचं धूसर होत असेल तर बाहुली आकसल्यामुळे लेन्सचा फक्त मधला, म्हणजे जवळचा भाग कामात येतो आहे. गॉगल घालून बघा. बाहुली थोडी उघडते आणि बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. नाहीच भागलं तर प्रधान डोळ्याची ॲड एक टप्पा कमी करतात.

लांबचं सगळ्याच उजेडात कमी असेल तर आधी प्रधान डोळ्यासमोर −०.२५ धरून पाहतात. त्याने सुधारलं तर तेवढाच बदल. नाहीतर त्या डोळ्याची ॲड उतरवतात. जवळचं कमी असेल तर दुसऱ्या, म्हणजे अप्रधान डोळ्याला +०.२५ देऊन बघतात आणि ॲडला हात त्यानंतर लावतात. दोन्ही डोळ्यांची ॲड एकदम वाढवणं ही नेहमीची घाई आहे. वाचन जेमतेम सुधारतं आणि रस्ता जातो.

फक्त मंद उजेडात जवळचं जात असेल तर लेन्स बदलू नका, दिवा बदला. बाहुली मोठी झाली की मध्यभागी जवळचा नंबर असलेल्या लेन्समध्ये दूरच्या भागाचा वाटा वाढतो, हे तिच्या रचनेतच आहे. टेबलावर वाचनाचा दिवा घ्या.

पापणी मिटल्यावर क्षणभर स्पष्ट आणि मग परत धूसर, असं होत असेल तर डोळा कोरडा पडतो आहे. त्यावर नंबर बदलणं व्यर्थ. अक्षरांना कायम सावली असेल तर लेन्स सरकली आहे, आणि सगळंच बिघडलं असेल तर आधी लेन्स उलटी किंवा अदलाबदल झालेली नाही ना, ते पाहा.

दोन-तीन बदलांनंतरही कामाच्या गोष्टींना सहापेक्षा कमी गुण पडत असतील तर लेन्सचा प्रकार बदला किंवा मोनोव्हिजन करून बघा. एका डोळ्याला साधी दूरची आणि दुसऱ्याला मल्टिफोकल, ही मधली वाटही बऱ्याच जणांना मानवते.

कोरडेपणा, धूळ आणि पाणी

वयाबरोबर अश्रू कमी होतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांना हे जास्त जाणवतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनी त्यात भर पडते. हिंजवडीतल्या ऑफिसात एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर आधी बसायची जागा बदला. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि अर्ध्याच मिटतात, म्हणून अधूनमधून मुद्दाम पूर्ण मिटा. मॉनिटर डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली असू द्या. थेंब घ्यायचे ते परिरक्षक नसलेले, लेन्सवर चालणारे. लाली घालवणारे थेंब नकोत.

दुचाकीवर हेल्मेटची काच खाली पाहिजेच. रंगपंचमीला आणि विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालात लेन्स घरीच ठेवा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू नका, आणि मेकअप लेन्स घातल्यानंतर करा.

पाण्याबद्दल मात्र कणभरही सूट नाही. नळाचं, टाकीचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंच पाणी लेन्सला किंवा डबीला लागू देऊ नका. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असतो. तो लेन्सखाली अडकून बुबुळाला लागला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजर जाऊ शकते. टिळक टँकवर पोहायला जाताना, आंघोळीला, पावसात भिजताना लेन्स काढलेली असावी. लेन्स घालून झोपूही नका, दुपारची डुलकीसुद्धा नाही.

मंथली, म्हणजे महिनाभर वापरायची लेन्स रोज काढल्यावर तळहातावर सोल्यूशन घेऊन बोटाने चोळा, बाटलीवर 'चोळायची गरज नाही' असं लिहिलेलं असलं तरी. धुऊन नव्या सोल्यूशनमध्ये बुडवा. कालच्यात आजचं मिसळायचं नाही. सलाइनने जंतू मरत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरत असाल तर ते त्याच्याच डबीत पूर्ण ६ तास ठेवावं लागतं. त्याआधी डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते. डबी रोज रिकामी करून, सोल्यूशनने धुऊन, टिश्यूवर पालथी घाला आणि ३ महिन्यांनी फेका. ती बाथरूमच्या दमटपणात ठेवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

खरेदी करताना

मंथली लेन्सचं पाकीट उघडलं की ३० दिवसांनी ती टाकायची, मधे चारच दिवस घातली असली तरी. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवसच लेन्स घालणाऱ्याने डेलीचा, म्हणजे एकदा घालून टाकायच्या लेन्सचा, हिशेब करून बघावा. महिन्याला २६ च्या आसपास लेन्स लागतात, सोल्यूशन आणि डबीचा खर्च वाचतो, आणि कोरड्या डोळ्याला रोज नवी लेन्स मानवतेही जास्त. नंबर पक्का होईपर्यंत सहा महिन्यांचा साठा घेऊ नका, सवलत कितीही असो. पाकिटावरचा नंबर, ॲड, वक्रता आणि मुदतीची तारीख दुकानातच ताडून बघा.

दोन चष्मे जवळ असू द्या. एक पूर्ण नंबरचा, लेन्स न घालण्याच्या दिवसांसाठी. दुसरा +१.०० च्या आसपासचा साधा वाचनाचा, लेन्सवरून घालायचा. सुईत दोरा ओवायला किंवा रात्री लांबलचक करारनामा वाचायला तो घेतला म्हणजे लेन्स फसली असं नाही. उलट, याच कामांसाठी ॲड वाढवत गेलं की बाकी दिवसाची नजर बिघडते.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा नजर अचानक कमी झाली तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि आतला संसर्ग वाढत जातो. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. जंतू कुठला आहे हे शोधायला ती प्रयोगशाळेत लागू शकते.